दाराच्या मुठीला अडकवलेली शिट्टी

शिवणवाल्या मावशींचं मशीन रोज साडेबाराला थांबायचं. त्या वेळी शाळा सुटायची. गल्लीतल्यांना वाटायचं, म्हातारी दमली. दमते कसली. वळणावरची शिट्टी ऐकू येईपर्यंत मावशींचा जीव थाऱ्यावर नसायचा.

ही शिट्टी गल्लीची. वळणावर गाड्या बेफाम येतात म्हणून रहिवाशांनीच पाळ्या लावल्या होत्या. शाळा सुटताना आठवडाभर एकाने उभं राहायचं आणि सोमवारी सकाळी पुढच्याच्या हातात शिट्टी द्यायची. हातातच. उंबऱ्यावर नाही, खिडकीत नाही. एवढा एकच नियम, आणि मावशींनी तो एकदाच मोडला.

तीन वर्षं झाली त्याला. त्या सोमवारी मावशींची पाळी संपून शेजारच्या कंपाउंडरची सुरू व्हायची होती. मावशींनी त्याच्या दाराशी दोन हाका मारल्या, आतून ओ नाही. घरी शाळेच्या गणवेशांचा ढीग पडलेला. उठला की घेईल, असं म्हणून त्यांनी शिट्टी दाराच्या मुठीला अडकवली आणि येऊन मशीनवर बसल्या. साडेबाराला टेम्पो वळला, वळणावर कोणीच नव्हतं, आणि पोस्टमनची नात गेली. सात वर्षांची होती.

सगळी गल्ली वळणाकडे धावली. मावशी धावल्या कंपाउंडरच्या घराकडे. शिट्टी मुठीलाच लटकत होती. दार नुसतं लोटलेलं, आणि आत तो तापाच्या गोळ्या घेऊन मेल्यासारखा झोपलेला. मावशींनी शिट्टी त्याच्या उशाशी पाण्याच्या ग्लासाजवळ ठेवली आणि आल्या पावली परत फिरल्या.

जाग आल्यावर बिचाऱ्याला वाटलं, तापाच्या भरात आपणच घेतली आणि पुन्हा आडवे झालो. मावशी तर करून सवरून नामानिराळ्या. कोणी विचारलं तेव्हा, "हातात दिली होती," एवढंच म्हणाल्या. त्या दिवसापासून कंपाउंडरने दुसऱ्या कोणाला पाळी घेऊ दिली नाही. रोज दवाखान्यातून तासभर सुटी मागायचा आणि वळणावर येऊन उभा राहायचा.

मावशींच्या कपाटात एक छोटा फ्रॉक होता. त्याच ढिगातला, खालची दुमड घालायची राहिलेला. कितीदा टाकून द्यायला काढला आणि कितीदा परत ठेवला. मशीन थांबलं की त्यांना वाटायचं, कोणीतरी फ्रॉक न्यायला दाराशी येऊन उभं आहे. मान वळवून बघायची हिंमत काही झाली नाही.

परवा रविवारी शाळेच्या एका वर्गात रहिवाशांची बैठक भरली. स्पीडब्रेकर मंजूर झाला होता, वळणावर दिवाही येणार होता. आता शाळेला स्वयंसेवकांची पक्की यादी हवी होती, ओळखपत्रं द्यायला. पहिलं नाव कंपाउंडरचं निघालं. पोस्टमन उठून उभे राहिले.

"तीन वर्षं गप्प बसलो," ते म्हणाले. "पण याच्या गळ्यात ओळखपत्र मला बघवणार नाही. वळणावरही तो उद्यापासून नको."

कंपाउंडर मान खाली घालून म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. काढा माझं नाव."

मावशी तिसऱ्या बाकावर बसल्या होत्या. लहान मुलांचं बाक, गुडघे अडकलेले. तीन वर्षं मूग गिळून काढली होती, अजून दोन मिनिटं काढली असती तर जन्माच्या सुटल्या असत्या. पण बाकाला धरून त्या उठल्या.

"शिट्टी मी याच्या हातात दिलीच नव्हती," त्या म्हणाल्या. "दाराच्या मुठीला अडकवली होती. हा तापात झोपला होता. पोर गेल्यावर मीच ती याच्या उशाशी नेऊन ठेवली."

पोस्टमन हळूच खाली बसले. त्यांनी मावशींकडे पाहिलंसुद्धा नाही. "तिच्या फ्रॉकचं माप तुम्हीच घेतलं होतं," एवढंच म्हणाले.

कंपाउंडरला मावशींचं बोलणं कळायला वेळ लागला. "म्हणजे मी घेतली नव्हती?"

"नाही रे बाबा."

तो बाकांमधून वाट काढत आला. गळ्यातली शिट्टी काढली, मावशींचा हात धरला, शिट्टी त्यात ठेवून एकेक बोट मिटवलं.

"उद्या सोमवार आहे," तो म्हणाला. "हातात देतोय, मावशी."