डावा डोळा मिटणारा सुतार

त्या सुताराला सगळी आळी ‘ओळंबा’ म्हणायची. दोरीला टांगून भिंतीचा कल तपासायचा खरा ओळंबा निदान ती भिंत सोडून दुसऱ्या कुणाच्या वाटेला जात नाही. याला मात्र शेजाऱ्याचं दार, पाहुण्याची खुर्ची, जावयाची चाल, सगळंच ‘अर्धा सूत बाहेर’ दिसायचं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याच्या अर्ध्यावरून हा गृहस्थ चारचौघांत व्याह्यांशी भांडला होता.

फळी सरळ आहे का, हे बघायची त्याची पद्धत ठरलेली. फळीचं टोक उजव्या डोळ्याशी धरायचं, डावा डोळा मिटायचा आणि कडेवरून नजर टाकायची. चाळीस वर्षं, दिवसातून पन्नासदा. “दोन डोळ्यांनी बघतं ते गिऱ्हाईक, एका डोळ्यानं बघतो तो सुतार,” असं तो सिगारेटचा धूर सोडत ऐकवायचा. डाव्या डोळ्याला कधी कामच नव्हतं. मग तो जायला लागला, तरी मालकाला पत्ता कसा लागणार?

आधी त्या डोळ्यापुढे दोन-चार मिनिटं अंधार येऊन जायचा. “भुसा गेला,” म्हणाला. मग डोळा लाल झाला, भुवई ठणकायला लागली. तेव्हाही भुसाच. बायको डॉक्टरकडे चला म्हणाली, तर “मी काय लाकूड आहे, कुणीही यावं आणि तासावं?” लेकीच्या घरी खिळा सोडून अंगठा ठोकला आणि दोष दिला जावयाच्या भिंतीला. नाचता येईना, अंगण वाकडं! घरी पेला सोडून टेबलावर पाणी ओतलं, तेव्हा टेबल वाकडं ठरलं. ते टेबल त्यानंच केलं होतं.

शेवटी दुखण्यानं उलट्या सुरू झाल्या, तेव्हा बायकोनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं. नर्सनं उजवा डोळा झाकला आणि समोरची अक्षरं वाचायला सांगितली.

“आधी दिवे लावा,” तो खेकसला. “अंधारात काय वाचू?”

बायको म्हणाली, “अहो, दिवे चालूच आहेत.”

डॉक्टरांनी डोळ्यातला दाब मोजला आणि स्टेथोस्कोप मानेला लावला. “साहेब, डोळा वर आहे,” ओळंब्यानं माप सुधारून दिलं. डॉक्टरांनी मानेची सोनोग्राफी करून आणायला लावली.

रिपोर्ट बघून ते म्हणाले, “मानेतून वर रक्त नेणारी डावी नस चोंदलीय. डोळ्याला रक्त पुरेना, म्हणून त्यात भलत्या जागी नाजूक नव्या रक्तवाहिन्या फुटल्या. त्यांनी डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बुजवली. दाब वाढला, काचबिंदू झाला. दुखणं कमी करू, पण ही नजर परत यायची नाही. उजवी नसही अरुंद झालीय. सिगारेट आजच बंद. आणि मानेचं ऑपरेशन करायला हवं, नाहीतर उद्या अर्धं अंग जाईल, नाहीतर दुसरा डोळा.”

“डोळ्यासाठी आलो आणि हे मान कापणार!” तो बायकोला म्हणाला. “एक डोळा बस्स आहे मला.”

“डाव्यानं दिसेनासं कधी झालं?” डॉक्टरांनी विचारलं.

अर्ध्या सुताचा हिशेब ठेवणाऱ्याला महिनासुद्धा सांगता येईना.

“मी सांगते,” बायको म्हणाली. “पाच महिने झाले. मी जेवायला यांच्या डाव्या हाताला बसते. पाच महिन्यांत यांनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मला वाटलं, रागावलेत.”

ती आत्ताही त्याच्या डाव्या बाजूलाच बसली होती. तिला बघायला त्याला सबंध मान वळवावी लागली. तिचे डोळे भरून आले होते.

“ऑपरेशन कधी करता?” त्यानं डॉक्टरांना विचारलं.