एका गोलाचा सवाल

बाल्कनीच्या सरकत्या दाराच्या खाचेत वाळू कशी साठते? कोणी आणून टाकत नाही. रोज पुसा, दुसऱ्या दिवशी आहेच! आमच्या टीमचे किस्से तसेच साठलेत. मी फारशी बोलत नाही, त्यामुळे माझ्याकडे जरा जास्तच.

आमची टीम म्हणजे अबुधाबीतल्या एका छोट्या कॉलेजची फुटबॉल टीम. कोच माझा नवरा, इम्रान. लग्न होऊन मी श्रीवर्धनहून अल रीम आयलंडवरच्या फ्लॅटमध्ये आले, त्याच आठवड्यात सीझन सुरू झाला. पहिली मॅच ०–९. दुसरी ०–६. मग डीनसाहेबांनी इम्रानला केबिनमध्ये बोलावलं.

"सीझन संपेपर्यंत एक गोल करून दाखवा. फक्त एक! नाहीतर पुढच्या वर्षी टीम बंद."

टीम बंद म्हणजे कोच बंद. म्हणजे बघा, माझा व्हिसा इम्रानच्या नोकरीवर, इम्रानची नोकरी टीमवर आणि टीम आमच्या कॅप्टनच्या, निनादच्या, उजव्या पायावर. त्या पायाची नजर जरा कमजोर आहे.

*

कॉलेजचं वॉशिंग मशीन बिघडलं, तेव्हापासून जर्स्या आमच्या घरी. आमच्या बिल्डिंगमध्ये बाल्कनीत कपडे वाळत घातले की पाच मिनिटांत सिक्युरिटीचा फोन! म्हणून पंधरा जर्स्या हॉलमध्ये. सोफ्यावर, खुर्च्यांवर, टीव्हीवर.

तेवढ्यात अम्मीचा व्हिडिओ कॉल आला. माझ्या मागे ती बराच वेळ बघत राहिली. दुबईच्या देरा भागात एकेका खोलीत दहा-दहा जणं राहतात, हे तिने ऐकलेलं.

"जावई घरात आहेत का गं?" तिने हळूच विचारलं.

"नाहीत."

"मग खरं सांग. तिथे एकूण किती जणं राहता?"

*

आमचा गोलकीपर झुबेर. त्याची खाला, म्हणजे मावशी, दुबईहून खास मॅच बघायला आली, ती बिर्याणीचं पातेलं घेऊनच.

"पोरं उपाशीपोटी पळतात, म्हणून हरतात!"

पोरं पोटभर जेवली. मग पळालीच नाहीत. ०–५.

इम्रान वैतागून म्हणाला, "खाला, पुढच्या वेळी आधी समोरच्या टीमला वाढा!"

खालांनी ते मनावर घेतलं. पुढच्या मॅचला समोरच्यांनी दोन-दोन प्लेटी खाल्ल्या. ०–७. हाफटाइमला त्यांचा कॅप्टन रिकामी प्लेट घेऊन आमच्या बाकाशी उभा!

*

घरी जेवताना टेबलावरसुद्धा डब्या-बरण्यांची मॅच चालू.

"मीठ दे ना," मी म्हणाले.

"थांब, तो लेफ्ट बॅक आहे."

गोलमध्ये लोणच्याची बरणी होती. तिच्याकडे बघत इम्रान म्हणाला, "झुबेरपेक्षा बरी. निदान जागेवर तरी उभी राहते."

मी अळणी मासा खाल्ला. मग सहज विचारलं, "श्रीवर्धनला कुठे फुटबॉल कोच लागतो का रे?"

तो हसला नाही.

*

रुवैसची मॅच. बसने अडीच तास वाळवंट बघत गेलो आणि ०–४ हरून तेच वाळवंट बघत परत आलो. त्या चारातला एक गोल निनादने मारला होता. आमच्याच जाळीत!

निनाद इथेच वाढलेला. मराठीत विचारा, उत्तर इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी हा पठ्ठ्या इम्रानला घेऊन थेट डीनसाहेबांच्या केबिनमध्ये.

"सर, यू सेड वन गोल. यू नेव्हर सेड विच साइड."

डीनसाहेबांनी चष्मा काढला आणि इम्रानकडे वळून विचारलं, "टीममधला सगळ्यात हुशार मुलगा हाच का?"

"हो सर," इम्रान म्हणाला. खरं होतं ते.

*

शेवटची मॅच आमच्या मैदानावर, सकाळी आठला, पुन्हा त्याच रुवैसच्या टीमशी. पहाटेपासून असं धुकं की बाकावरून मला साइडलाइनसुद्धा दिसेना. साडेआठ वाजले तरी समोरच्या टीमचा पत्ता नाही.

रेफरी एक वयस्कर इजिप्शियन गृहस्थ होते. त्यांनी घड्याळ बघितलं.

"वॉकओव्हर! पण कागदावर गोल लागतो. किक-ऑफ करा, रिकाम्या गोलमध्ये बॉल टाका, मी सही करतो. खलास!"

रिकामा गोल! झुबेरने दुआसाठी हात वर केले. इम्रानने माझ्याकडे बघितलं, निकाहच्या दिवशी बघितलं होतं तसं.

शिट्टी वाजली.

"निनाद, चालत जा!" इम्रान ओरडला. "यल्ला, चालत नेऊन आत ठेव!"

पण निनादला सीझनभर समोर एवढी मोकळी जागा कधी मिळालीच नव्हती. त्याने मैदानाच्या मधूनच, होता नव्हता तेवढा जीव एकवटून लाथ घातली. बॉल धुक्यात गेला.

आम्ही सगळे कान देऊन उभे. जाळीचा आवाज नाही. खांबाचा आवाज नाही.

"गोल?" रेफरींनी विचारलं.



मग धुक्यातून बॉल सावकाश घरंगळत परत आला. त्याच्या मागून एक पिवळी जर्सी आली. मग दुसरी. मग सगळ्या अकरा.

"सॉरी हबीबी, हायवे बंद होता," त्यांचा कॅप्टन धापा टाकत म्हणाला. "हा बॉल तुमचाच ना?"