तुझी आई ‘नाही’ म्हणाली तो दिवस

लिही रे बाळा, आजी सांगते तसं. तुझी आत्या म्हणते, तुझी आई हट्टी आहे. आहेच! मी डोळ्यांनी पाहिलंय.

दवाखान्यातला सर्व्हर, म्हणजे सगळ्या पेशंटांची माहिती ठेवतो तो मोठा कॉम्प्युटर, तो सांभाळायचं काम तुझ्या आईचं; तिनं आदल्याच दिवशी तो नवा बसवला होता. मी डोळे दाखवायला गेलेली, तिच्याच खोलीत बसलेली. सकाळी उघडतायत तोच फोनवर फोन! पासवर्ड टाकला तरी तो कुणालाच आत घेईना. औषधं देणारा ढेरपोट्या तर धापा टाकत आला.

“ताई, मी पासवर्ड विसरेन होय? बायकोचा वाढदिवस आहे तो!”

“म्हणूनच शंका येते,” तुझी आई म्हणाली. “आणि आता साऱ्या दवाखान्याला कळला. बदला.”

खटाखट बोटं चालवून तिनं शोधलं. पासवर्ड सगळ्यांचे बरोबरच होते रे. जुना सर्व्हर ते ज्या पद्धतीनं जपायचा, ती पद्धत नव्याला चालेना. एकेकानं येऊन पासवर्ड पुन्हा नव्यानं घालायचा, की झालं. पण वेळ लागणार.

तेवढ्यात मोठे साहेब आले. “बाहेर गर्दी बघा! आजच्या दिवस पासवर्ड मागणंच बंद करून टाका.”

“नाही करणार.”

“काय?”

“कुणाला कुठला आजार, सगळं आत आहे, साहेब. दार सताड उघडं टाकणार नाही मी. तोवर कागदावर लिहू दे त्यांना.”

“मग उद्यापासून येऊ नका!”

“उद्याचं उद्या. आज दार माझ्या ताब्यात आहे.”

तुझा बाबा तेव्हा कामाविना घरी, सगळं घर हिच्या जिवावर. तरी मी म्हटलं, “पोरी, हलू नकोस. काढतो तर काढू दे मेल्याला!” साहेब पाय आपटत निघून गेले.

एकेकाला बसवून तिनं दुपारपर्यंत सगळ्यांची कामं सुरू केली. शेवटी साहेबच आले, तोंड फुगवून. त्यांचंही अडलेलं!

“बसा, नवा घाला,” म्हणाली, आणि त्यांचा पासवर्ड दिसायला नको म्हणून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. उद्या यायचं की नाही ते तिनं विचारलं नाही, त्यांनीही विषय काढला नाही.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाली. म्हटलं, “हाकललं तर?”

“हाकलू देत. दार लावूनच येईन.”

अजून तरी तिला काढायची कुणाची छाती झालेली नाही.