शालनची टोपली

कारखान्यात माल तपासणाऱ्या चौगुले चेकरनं मी आणलेली शालनची टोपली टेबलावर उपडी केली आणि मला हाक मारली.

"आक्का, हिकडं या. ह्या विड्या कुणाच्या?"

"शालनच्या."

"पंधरा वर्सं हेच करतोय मी. ह्यात तीन बायकांचे हात हाईत. एक तुमचा."

खोटं सापडल्यावर बोलून उपयोग नसतो.

बाहेरच्या माणसाला सगळ्या विड्या सारख्या दिसतात. तशा त्या नसतात. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायचं, सुपातली तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. काम एकच, पण प्रत्येकीचा दाब वेगळा. माझ्या अंगठ्याचं नख वाकडं आहे, म्हणून माझ्या विडीचं तोंड चपटं बसतं. चेकरला ते लगेच कळतं.

निपाणीत मी चव्वेचाळीस वर्षं विड्या वळते. शाळा चौथीपर्यंत झाली. आमच्या कारखान्याचा नियम मला पाठ आहे. ज्या बाईचं कार्ड, तिच्याच हातचा माल. कार्डावरचं नाव कमी झालं की पीएफ बंद, दवाखाना बंद.

"दोन म्हैनं डोळं झाकलं, आता न्हाय. सोमवारी तिच्या हातच्या विड्या आणा," चौगुले म्हणाला. "न्हायतर कार्ड आफिसला पाठवणार. मग माझ्या हातात काय न्हाय."

झालं होतं ते असं. शालन आणि तिची जाऊ इंदू तीस वर्षं एकमेकींसमोर बसून विड्या वळायच्या. दोन महिन्यांपूर्वी इंदू वारली. नवरा गेला की लोक महिनाभर येतात. जाऊ गेली तर तेराव्याला जेवतात आणि विसरतात. शालनची मुलं कंपनीत कामाला, सकाळी जातात ती संध्याकाळी येतात. ही घरात एकटी. मी, शेवंता आणि शेजारची आणखी एक, माझ्या पडवीत एकत्र वळणाऱ्या आम्हा तिघींना दया आली. तिच्या वाटणीचा माल आम्ही वळून द्यायला लागलो. "तू बस निवांत," म्हणालो. ती बसली. इतकी बसली, की दारसुद्धा उघडेना. आम्ही उंबऱ्यावर ठेवलेली भाकरी संध्याकाळी तशीच सापडायची.

कारखान्यातून मी थेट तिच्या घरी गेले. कोपऱ्यातलं तिचं सूप उचललं.

"ऊठ. माझ्या पडवीत चल."

"न्हाय गं आक्का. हात चालत न्हाईत."

"पाय चालत्यात न्हवं? तेवढं बास."

पडवीत शेवंता मला बाजूला घेऊन म्हणाली, "जरा दमानं घे. दुखात हाय ती."

"दोन म्हैनं दमानंच घेतलं. कार्ड जायाची येळ आली."

शालन भिंतीकडं तोंड करून बसली. मी तिचं सूप फिरवलं, तशी तिला फिरावं लागलं. समोर मी. पहिल्या दिवशी तिच्या विड्या इतक्या सैल, की हातात घेतली तर तंबाखू गळायची. मी एकेक उकलून पान परत तिच्या सुपात टाकलं. दुसऱ्या दिवशी तेच. ती परत वळायची, मी परत उकलायची. चेकर त्या सैल विड्या छाटणारच होता, मग मीच का नको?

गुरुवारी मी विडी उकलली, तशी ती एकदम म्हणाली, "इंदूनं कधी माझी विडी उकलली न्हवती."

आमचे तिघींचे हात थांबले. दोन महिने आम्ही तिच्यासमोर ते नाव घेतलं नव्हतं. घ्यायचं नाही असं आम्हीच ठरवलं होतं.

शेवंता म्हणाली, "तुला भ्यायची ती."

"भ्यायची कुठली! आळशी हुती. माझ्यापेक्षा कमी वळायची आणि दोरा माझाच वापरायची."

"आणि चा?" मी विचारलं.

"त्यो बी माझ्याच कपातला."

आम्ही हसलो. शालनही हसली, आणि हसता हसता रडायला लागली. कुणी तिला गप्प केलं नाही. ती रडत होती, सांगत होती आणि वळत होती. संध्याकाळपर्यंत इंदूच्या माहेरापासून दवाखान्यापर्यंत सगळं सांगून झालं. त्या दिवशी मी तिच्या फार थोड्या विड्या उकलल्या.

सोमवारी चौगुलेनं टोपली ओतली. नियमाप्रमाणे सैल विड्या बाजूला काढल्या. बऱ्याच निघाल्या.

"हात एकच हाय," तो म्हणाला. "कार्ड ऱ्हाऊ दे."

शालननं बाजूला काढलेल्यातल्या तीन विड्या उचलून त्याच्यापुढं धरल्या.

"ह्या का काढल्या? दाबून बघा की."

त्यानं दाबून बघितल्या आणि दोन परत घेतल्या. तिसरीसाठी ती भांडत राहिली. मागची लाइन ओरडायला लागली, तरी हलेना. शेवटी मीच तिला ओढून बाहेर आणली.

आता ती रोज पडवीत येते. दुःखातल्या बाईला भाकरी नेऊन द्यावी, ते चांगलंच. पण तिचं काम काढून घेऊ नये, आणि गेलेल्या माणसाचं नाव लपवू नये. आम्ही दोन्ही केलं, आणि त्याला माया म्हणत होतो.