उंदीर कोण खातं?

चितार ओळीतल्या रुपराव मूर्तिकाराची बायको मनकर्णा तिसऱ्या बाळंतपणानंतर माती खायला लागली. ओल्या मातीचा वास आला की तिच्या तोंडाला पाणी सुटायचं. त्यात गणपतीचे दिवस तोंडावर आलेले, घरभर मूर्ती वाळत घातलेल्या. बाप्पाला हात लावायची तिची छाती नव्हती, म्हणून ती त्याच्या पायाशी बसणारे उंदीर खाई. तेही बिनरंगाचेच.

उंदीर कमी होताहेत हे रुपरावाच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने खऱ्या उंदरांवर आळ घेतला आणि पिंजरा आणला. त्यात शेजारणीचं मांजर अडकलं. शेजारीण जे बोलायचं ते बोलली. मनकर्णा भिंतीआड तोंड दाबून हसली. हसताना तिला धाप लागली, तशी ती हल्ली पाण्याची बादली उचलतानाही लागायची.

एका दुपारी सासूबाई गोपिकाबाई अचानक पुढ्यात आल्या, तेव्हा मनकर्णाच्या ओठांतून शेपटी बाहेर होती. गुडघे दुखतात असं मुलाला सांगून त्या सुनेला घेऊन दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरीणबाईंनी मनकर्णाची खालची पापणी ओढून पाहिली. आत पांढरंफटक. अंगात लोह कमी, त्यामुळे रक्त कमी. धाप त्यापायी आणि मातीची ओढही बहुधा त्यापायीच, असं त्यांनी समजावलं. माती खाऊन रक्त वाढत नाही, पोटात जंत मात्र होतात. गोळ्या लिंबूपाण्यासोबत घ्यायच्या, चहासोबत नाही; जेवणावर लगेच चहाही नको. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही.

मनकर्णा उठली, पण सासूबाई हलेनात.

"बाई, माहीबी पापणी पाहून घ्या."

तीही पांढरीच निघाली. तुम्हीही माती खाता का, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. गोपिकाबाईंनी सुनेकडे बघायचं टाळलं.

"मी उंदराले हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "मोदक तेवढे खातो."

दोघी रस्ताभर हसत घरी आल्या. गोळ्या दोघींनी घेतल्या. जेवणावरचा चहा सोडताना सासूबाईंनीच जास्त कुरकुर केली. दुर्गेच्या मूर्तींसाठी नवी माती आली तेव्हा मनकर्णाने सवयीने चिमूट जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली. नुसता चिखल लागला.

दिवाळीपर्यंत तिच्या गालांवर रंग आला. रुपरावाशी भांडताना आता तिला मध्ये थांबावं लागत नसे. रुपरावाला त्याची सवय व्हायला बरेच दिवस लागले.