घासलेला पत्रा

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतो — पण माझी कीव करू नका, ती मला नको.

अमरावतीत मी तांब्याच्या पत्र्यावर माणसांचे चेहरे कोरायचो. पत्र्यावर मेणाचा थर, त्यात सुईने रेघा, मग तेजाब, शेवटी शाई लावून कागदावर छाप. कापसाच्या तेजीत ज्याला त्याला आपलं चित्र हवं होतं. तांबं पुरेना, म्हणून जुने चेहरे घासून नवे उठवायचो. कोणता पत्रा घासायचा, कोणता ठेवायचा, याची यादी भिंतीवर होती. यात काय वाईट? काही नाही. आजही ठणकावून सांगेन.

भातकुलीची एक माळीण भाजी घेऊन यायची. मी तिला मावशी म्हणायचो. तिच्या पोराचं, किसनाचं चित्र मीच काढलेलं. पुढे किसना पटकीने गेला, घरातला छाप वाळवीने खाल्ला, आणि ती दुसरा मागायला आली.

किसनाच्या नावापुढे मी 'ठेवायचा' असं लिहिलं होतं — आणि तरी तोच पत्रा घासला होता. त्यावर आता अकोल्याचा एक दलाल होता. घाईत कान आणि फेटा तेवढे किसनाचेच राहू दिले होते.

हे तिला सांगता आलं नसतं का? आलं असतं. मी दलालाच्या मिशा घासल्या, छाप काढला आणि तिच्या हाती दिला.

तिने कागद उजेडात धरला. "हा माहा किसना नोहे, बापा."

"कान पाहा, मावशी."

"कान त्याचेच हायेत. तोंड कोनाचं हाये?"

इथवर नुसती लबाडी होती — ती कुणीही करतो. पुढचं मात्र माझ्या एकट्याचं. मी म्हणालो, "वरीस झालं, मावशी. पोराचं तोंडच इसरल्या तुमी."

तिने कागद पदरात गुंडाळला. मग म्हणाली, "असन बापा. मायच कच्ची निघाली."

का केलं? तांबं महाग होतं म्हणून? छे. माझ्या हातून चूक होते, हे एका भाजीवालीपुढे म्हणायचं नव्हतं. बस, एवढंच.

शेजारणी तिला सांगायच्या, हा किसना नाही. ती त्यांच्यावरच उखडायची — "तुमीबी इसरल्या त्याले." त्या दलालापुढे तिने मरेपर्यंत दिवा लावला. मला सगळं कळत होतं. भातकुली बैलगाडीने अर्ध्या दिवसाची वाट. मी गेलो नाही.