तलावाचा भात

त्या उन्हाळ्यात आमच्या गावाला दुसरा विषयच नव्हता. आपलं कोण आणि बाहेरचं कोण! विहिरीवर तेच, गोंदियाच्या बाजाराला निघालेल्या बैलगाडीत तेच, आणि मी ज्या ओसरीवर शिवणयंत्र मांडून बसायचो तिथं तर सकाळपासून तेच. 'आमच्या गावाला' असं आज मी बिनधास्त लिहितो. तेव्हा हा शब्द उच्चारायलाही भ्यायचो, कारण त्या वादातला एक बाहेरचा मीच होतो.

मी साताऱ्याकडचा. चौथीत शाळा सुटली, शिवण हाती आलं, आणि मामाच्या ओळखीनं गोंदियात एका कापडवाल्याच्या दुकानापुढं येऊन बसलो. भाताच्या गिरण्या, बिड्या, रेल्वे, आणि सगळा कारभार हिंदीत. कापड बेतायच्या फळीखाली झोपायचो. तिथून या गावानं मला अक्षरशः उचलून आणलं. मशीन बैलगाडीत आणि मी मशीनला धरून! गावात शिंपी नव्हता ना. भाकरीवर वाढलेल्या माणसाला या लोकांनी तिन्ही त्रिकाळ भात खायला शिकवलं.

पण ओसरी दुसऱ्याची होती. बायको तिकडं साताऱ्यात आईपाशी. तिला आणायचं तर घर हवं, घराला जागा हवी. मी जागा मागितली आणि नेमकी त्याच सुमाराला छत्तीसगडाकडून आलेल्या काही कुटुंबांनीही मागितली. ती धान रोवायला, म्हणजे भातलावणीला, आली होती आणि परत गेलीच नव्हती. आमराईत पालं टाकून राहिली होती. गावच्या जमिनीचा मालक, मालगुजार, गोंदियात राहायचा. त्यानं हात झटकले. "गाव म्हणेल तसं," म्हणाला. गाव नको म्हणालं असतं तर मी पुन्हा त्या फळीखाली, नाहीतर थेट साताऱ्याची गाडी.

आणि गाव काय म्हणणार हे पाणकरबाबांवर होतं. तलाव त्यांच्या वाडवडिलांनी बांधलेला. कुणाच्या वावराला कधी पाणी सोडायचं ते बाबा ठरवत. त्यांचा सवाल सरळ होता. "पाणी वाढून राहिलं काय? नाही. मंग तोंडं काऊन वाढवता?"

याला उत्तर सोपं नव्हतं. रेल्वेनं माणसं येतच होती, आणि शेवटच्या बांधीपर्यंत, म्हणजे टोकाच्या खाचरापर्यंत, पाणी पोचेतो धान पिवळं पडलेलं मी स्वतः पाहिलं होतं.

बाबांना तोंडावर बोलणारी एकच व्यक्ती, त्यांच्या थोरल्या वहिनी. नवऱ्यामागं शेती स्वतः करायच्या.

"भाऊजी, रोवायले गाळात कोण उतरते? तुमचे पोट्टे? ते तं गोंदियात बिड्या फुकून राहिले!"

"काम करा अन् आपल्या गावी जा म्हणतो मी. इथं घर कायले पाह्यजे?"

"मीबी बाहेरूनच आली या गावात. मलेबी धाडा मंग माहेरी."

"आता धाडून काय फायदा वहिनी? तिथं कोणी घेत नाही तुमाले!"

अख्खी ओसरी हसायची. मीही हसायचो, पण सुई बोटात जायची.

शाळेच्या मास्तरांकडचा शिळा पेपर मग माझ्याकडं यायचा. वाचता येणारा आणि दिवसभर एका जागी बसलेला मीच. एके दिवशी बातमी आली. समुद्रापलीकडच्या मुलखांत आपल्या माणसांना उतरू देऊ नये, आहेत त्यांनाही परवाने लावावेत, असा कायदा करायची तिकडं भाषा चालली आहे. पाणकरबाबा ताडकन उठले.

"आँ? तिथले वावरं कोणं पिकवले? आपल्या माणसानं! अन् आता हाकलून राहिले?"

"खरं हाय! खरं हाय!" सगळे ओरडले. वहिनी पोलक्याचं माप द्यायला आल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "शिंपीभाऊ, तेवढं परत वाचा जी. आमच्या भाऊजीले नीट ऐकू नाही आलं."

हशा असा उसळला की बैल बुजले. बाबा म्हणाले, "ते येगळं."

"काऊन येगळं?"

"ते सरकारचं हाय. हे पाण्याचं हाय!" आणि शिवायला आणलेली बंडी तिथंच टाकून ते निघून गेले.

शेवटी ठरलं, तलावाच्या पाळीवर माती टाकायच्या दिवशी फैसला. दर वैशाखात घरटी एक माणूस टोपली घेऊन येई आणि पावसाआधी तो बांध भक्कम करी. काम संपलं की तलावाच्या पाण्यावर पिकलेल्या तांदळाचा भात. नियम असा की ज्यानं पाळीवर माती टाकली आणि तो भात खाल्ला, तो गावचा झाला. त्याला पुढं कुणी ऊठ म्हणायचं नाही. म्हणूनच बाबांनी ताकीद दिली होती, फैसला होईतो बाहेरच्यानं मातीला हात लावायचा नाही.

आम्ही मोहाच्या झाडाखाली उभे होतो. वर पाळीवर काम आणि भांडण एकदमच चाललं होतं. टोपली रिकामी झाली की एक जण ओरडून आमच्या बाजूनं बोले, दुसरा भरल्या टोपलीनिशी विरुद्ध. माझ्याशेजारी छत्तीसगडचा एक म्हातारा होता. "हमन ला रहन दिही का, ददा?" त्यानं विचारलं. राहू देतील का, हे मला काय ठाऊक! माझाच फैसला व्हायचा होता.

उन्हं चढली, काम संपलं, फैसला काही होईना. पंगती बसल्या. ज्याची त्याची पंगत वेगळी, हंडा मात्र एकच. वाढायचा मान पाणकरबाबांचा. एका हातात भाताची टोपली, आणि तोंड वहिनींकडं.

"बाहेरच्याले जागा द्याची नाही म्हणजे नाही! मी सांगून राहिलो!" म्हणत ते वळले आणि आम्हाला झाडाखाली ताटकळताना पाहून खेकसले, "अन् तुमी काऊन उभे बे? बसा ना! भात थंडा होऊन राहिला!"

आम्ही बसलो. त्यांच्या आवाजापुढं कोण उभं राहणार? त्यांनी भात वाढला, वर लाखोळीचं वरण वाढलं. "घे शिंप्या, काडीवानी झाला," म्हणत मला दुसऱ्यांदा वाढलं, आणि पुन्हा वहिनींशी भांडायला लागले. मी दोन घास खाल्ले तेव्हा कळलं की सगळी पंगत गप्प झाली आहे.

वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. "भाऊजी, हा कोणता भात वाढला जी?"

बाबांनी हातातली टोपली पाहिली, मग आमच्या पत्रावळी. माझा घास हातातच राहिला. गिळवेना आणि खाली ठेववेना.

"खाल्ला! खाल्ला!" एक जण ओरडला.

"पण माती कुठं टाकली?"

"ओकायले लाव मंग त्यायले!"

जो गोंधळ उडाला! हातवारे, हशा, शिव्या. बाबा एकटे तसेच उभे. शेवटी त्यांनी टोपली खाली ठेवली.

"पत्रावळीवरून उठवाचं, असं माह्या घरात कोणं केलं नाही. खाऊन घ्या. मंग टोपल्या उचला. आधी माती अन् मंग भात, असं असते. तुमचं तं सारंच उलटं!"

आणि भर दुपारी आम्ही माती वाहिली! जेवून सुस्तावलेलं गाव सावलीत लोळत शेरे मारत होतं. "शिंपीभाऊ, माती हाय ते, मलमल नाही!" छत्तीसगडच्या बाया डोक्यावर टोपली घेऊन वाऱ्यासारख्या चढत होत्या. मी दोनदा घसरलो, डोक्यात, कानात, तोंडात माती, आणि हसू थांबेना.

उन्हं कलल्यावर बाबा काठी टेकत जागा दाखवायला निघाले. मी धीर करून तलावाखालचा, रस्त्यालगतचा तुकडा दाखवला.

"डोकं हाय का? सावनात तिथं पाणी झिरपते. बायकोले चिखलात उभी करतं काय? वर चल."

वरच्या अंगाला, मुरमाच्या जागेवर त्यांनी काठीनं रेघ ओढली. शेजारी छत्तीसगडवाल्यांसाठी ओढल्या.

"कवा आणतं तिले?"

मी रेघेच्या आत पावलं टाकून पाहत होतो.

"बोल ना बे!"

"दिवाळीत," मी म्हणालो.

"रोवायच्या आधी आण," बाबा म्हणाले. "हात कमी पडून राहिले."